‘पासवर्ड चुकीचा’ म्हणणारा रिमोट डेस्कटॉप: लातूरच्या डाळ मिलमधलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण लातूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका डाळ मिलचं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, तांत्रिक क्रम मात्र घडला तसाच ठेवला आहे. मी लातुरात लहान कार्यालयांच्या संगणकांची देखभाल करतो. या मिलचं नियमित काम माझ्याकडे नव्हतं. लेखापाल ताई मला आधीच्या एका कामामुळे ओळखत होत्या, म्हणून फोन माझ्याकडे आला.

मिलचा सगळा हिशोब एकाच संगणकावर आहे. तूर-हरभऱ्याची खरेदी, आडत्यांच्या पट्ट्या, हमाली-तोलाई, डाळीची विक्री, जीएसटी, सगळं त्यातच. सगळे त्याला ‘सर्व्हर’ म्हणतात, पण तो टेबलाखाली ठेवलेला साधा डेस्कटॉप आहे. ताई अंबाजोगाईला राहतात. आठवड्यातून एखादी फेरी लातूरला, बाकीचे दिवस घरच्या लॅपटॉपवरून रिमोट डेस्कटॉपने त्याच संगणकात शिरून काम. ही व्यवस्था २०२०च्या लॉकडाउनपासून चालू आहे आणि ती चांगली चालली आहे. घर सांभाळून हिशोबाची नोकरी टिकवणाऱ्या बाईसाठी ही सोय किती मोलाची आहे हे वेगळं सांगायला नको. म्हणूनच ती नीट चालली पाहिजे.

विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अद्यतनं १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. मालकांनी दिवाळीनंतर नवा संगणक घेतला, विंडोज ११ प्रो असलेला. (‘प्रो’ महत्त्वाचं. ‘होम’ आवृत्तीवरून दुसऱ्या संगणकात जाता येतं, पण होम असलेल्या संगणकात बाहेरून रिमोट डेस्कटॉपने येता येत नाही.) ज्यांच्याकडून संगणक घेतला त्यांच्या माणसाने नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात डेटा हलवला, ताईंसाठी ‘अकाउंट्स’ नावाचं खातं उघडलं, पासवर्ड ठेवला आणि व्हॉट्सॲपवर पाठवून दिला.

राउटर जुनाच राहिला. लॉकडाउनच्या घाईत कुणीतरी त्यात एक नियम घातलेला होता: बाहेरून ३३८९ या पोर्टवर जे येईल ते थेट हिशोबाच्या संगणकाकडे पाठवायचं. पोर्ट म्हणजे नेटवरून आत यायचा क्रमांक दिलेला दरवाजा, आणि ३३८९ हे रिमोट डेस्कटॉपचं ठरलेलं पोर्ट. नव्या संगणकाला जुन्याचाच अंतर्गत पत्ता दिल्यामुळे तो नियम आपोआप पुढे चालू राहिला. मिलमध्ये कुणालाच त्याची आठवण नव्हती.

अडचण

१९ डिसेंबर, वेळ अमावस्या. लातूर-धाराशिवकडच्या वाचकांना सांगायला नको, या दिवशी शहर रिकामं होतं. बाजार बंद, दुकानं बंद, सगळी माणसं शिवारात. कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा, भज्जी, आंबील, उंडे. मिलही बंद होती आणि कुलपाच्या किल्ल्या धाकट्या मालकांबरोबर औशाच्या बाजूला शेतात होत्या. दुसऱ्या दिवशी, २० तारखेला, नोव्हेंबरचं जीएसटीआर-३बी (जीएसटीचं विवरणपत्र, बोलण्यात ‘तीनबी’) भरायची शेवटची तारीख. खरेदीचा ताळमेळ बाकी होता. ताईंनी तो सणाच्या दिवशी सकाळी घरून उरकायचं ठरवलं होतं.

सकाळी फोन आला. “दादा, काल रात्रीपर्यंत चालू होतं. आज पासवर्ड चुकीचाच म्हणालंय. मी बदललेला नाही, कुणाला दिलेला नाही.”

तोवर त्यांनी पासवर्ड बऱ्याच वेळा टाकून पाहिला होता. मोठं अक्षर-लहान अक्षर बदलून पाहिलं, जुन्या संगणकाचा पासवर्ड टाकून पाहिला, ‘रिमेंबर मी’वर खूण करून पाहिली. त्यांनी धाकट्या मालकांनाही फोन केला होता. त्यांनी शेतातूनच मोबाईलच्या ॲपवरून स्वतःच्या खात्याने आत जायचा प्रयत्न केला. तेही जमेना, तेव्हा दोघांचंही मत झालं की सर्व्हरच बिघडला.

धाकट्या मालकांचं न जमणं ही वेगळीच गोष्ट होती आणि ती लवकर बाजूला काढणं गरजेचं होतं. ते मिलमध्ये बसून रोज चार अंकी पिन टाकतात. पिन फक्त त्या एका संगणकासमोर बसल्यावर चालतो, रिमोट डेस्कटॉपला खात्याचा खरा पासवर्डच लागतो. त्यांचं खातं मायक्रोसॉफ्टचं, ईमेलवरचं. त्याचा पासवर्ड त्यांच्या ध्यानातही नव्हता. दोन वेगळ्या कारणांनी दोन माणसं अडली की ‘यंत्रच बिघडलं’ असा निष्कर्ष फार सहज निघतो. इथेही तेच झालं होतं.

फोनवरची तपासणी

मी ताईंना दोन गोष्टी सांगितल्या. पासवर्ड टाकणं पूर्ण थांबवा, आणि आत्ता पडद्यावर जो संदेश आहे त्याचा फोटो पाठवा. “चुकीचा म्हणतोय” एवढ्यावर मी पुढे जात नाही. इंग्रजी संदेशात ‘पासवर्ड’ हा शब्द दिसला की घाईतला माणूस बाकीची ओळ वाचत नाही. त्यात ताईंचा दोष काहीच नाही, ती ओळ लिहिलीच तशी असते.

फोटो आला. त्यात पासवर्ड चुकीचा असल्याचं म्हटलंच नव्हतं. फार वेळा प्रयत्न झाल्यामुळे खातं कुलूपबंद झालं आहे, असा तो संदेश होता.

इथे नव्या संगणकाचा संबंध येतो. विंडोज ११ च्या २२एच२ आवृत्तीपासून नव्याने बसवलेल्या प्रणालीत एक नियम आधीच लावलेला असतो: दहा मिनिटांत दहा चुकीचे प्रयत्न झाले की खातं दहा मिनिटांसाठी बंद. ताईंच्या जुन्या विंडोज १० वर तो लावलेला नव्हता. तिथे कितीही वेळा चुकलं तरी पुढचा प्रयत्न करता यायचा, त्यामुळे ‘पुन्हा टाकून बघू’ ही सवय पक्की झालेली. नव्या संगणकावर तीच सवय आड आली.

मग मी वेळ लावून थांबायला सांगितलं. दहा मिनिटांहून थोडं जास्त. दरम्यान पासवर्ड नोटपॅडमध्ये टाइप करून स्वतःच्या डोळ्यांनी बघा म्हटलं, मला सांगू नका. ताई मराठीतही टाइप करतात. खाली टास्कबारवर ‘मराठी’ निवडलेलं राहिलं असेल तर पासवर्डच्या चौकटीत काय पडतंय ते काळ्या ठिपक्यांवरून कळत नाही. ती शंका फिटली, कीबोर्ड इंग्रजीतच होता.

वेळ भरल्यावर फक्त एकदा पासवर्ड टाकायचा, आणि पुन्हा फोटो. या वेळचा संदेश वेगळा निघाला. सुरुवातीला ‘ऑथेंटिकेशन एरर’, ‘लोकल सिक्युरिटी अथॉरिटी’शी संपर्क होत नाही वगैरे, आणि शेवटच्या ओळीत ‘एक्सपायर्ड पासवर्ड’ असू शकतो असा इशारा. सकाळी सगळ्यात आधी हाच संदेश आला असणार. मुदत संपलेली, पण ताईंनी तो ‘चुकीचा’ असा वाचला, पुढे पुन्हापुन्हा टाकत गेल्या, आणि कुलूप लागल्यावर मूळ कारण त्याखाली झाकलं गेलं.

मुदत का संपली, याचं उत्तर कॅलेंडरवर होतं. संगणक व्यवस्थापनाच्या जुन्या खिडकीतून खातं उघडलं आणि ‘पासवर्ड नेव्हर एक्सपायर्स’वर खूण केली नाही, तर स्थानिक (त्या एकाच संगणकापुरत्या) खात्याला विंडोजची मूळ मुदत लागू होते. ती ४२ दिवसांची. ७ नोव्हेंबरपासून ४२ दिवस मोजले की १९ डिसेंबर येतो. सेटिंग्जमधून उघडलेल्या खात्यांना ही मुदत सहसा लागत नाही, म्हणून जुन्या संगणकावर इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

मिलमध्ये समोर बसून लॉगिन केलं असतं तर विंडोजने ‘पासवर्ड बदला’ असा पडदा दाखवला असता आणि विषय तिथेच मिटला असता. रिमोटवर तो पडदा येत नाही, कारण ‘नेटवर्क लेव्हल ऑथेंटिकेशन’ नावाची व्यवस्था आहे. तिच्यात आधी पासवर्ड तपासला जातो आणि तो पटल्यावरच दूरच्या संगणकाचा पडदा उघडतो. पासवर्ड बदलायची खिडकी त्या पडद्यावर असते. मुदत संपलेल्या पासवर्डने पडद्यापर्यंतच पोचता येत नाही, मग बदलणार कुठून?

इथे प्रकरण संपलं असतं. पण थोड्या वेळाने, ताईंनी मधे काहीही टाकलेलं नसताना, मी पुन्हा एकदा प्रयत्न करायला सांगितला. संदेश आला: खातं कुलूपबंद.

ताईंनी हात लावला नव्हता. धाकटे मालक त्यांच्या वेगळ्या खात्याने प्रयत्न करत होते आणि तेही थांबले होते. मग ‘अकाउंट्स’ या नावाने दहा चुकीचे पासवर्ड कुणी टाकले?

मी विचारलं, गेल्या महिन्यात असं मधेच कधी झालं होतं का. ताई म्हणाल्या, “होतं की अधूनमधून. दहा-पंधरा मिनिटं घेत नाही, मग आपोआप घेतंय. मला वाटलं नेट गेलं असंल.”

या उत्तरानंतर मी फोनवरची तपासणी थांबवली. मिल उघडावीच लागणार होती.

संगणकाची नोंद काय सांगते

धाकटे मालक दुपारी जेवण उरकून शेतातून आले. सणाच्या दिवशी त्यांनी कुरकूर न करता कुलूप उघडून दिलं, पिनने आत शिरून संगणक माझ्यापुढे ठेवला. सगळ्यात आधी मी इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजची घडामोडींची नोंदवही) उघडला आणि ‘सिक्युरिटी’ नोंदीत ४६२५, म्हणजे फसलेलं लॉगिन, या क्रमांकाच्या नोंदी तेवढ्या निवडून काढल्या.

दूरच्या माणसाला विंडोज मुद्दामच थोडं सांगतं. नाव चुकलं की पासवर्ड, हे बाहेर कळलं तर चोराला मदत होते. पण आतल्या नोंदीत प्रत्येक फसलेल्या प्रयत्नाचं खरं कारण लिहिलेलं असतं. ४६२५ च्या नोंदीत ‘सब स्टेटस’ हा रकाना पाहायचा, आणि तो शून्य असेल तर ‘स्टेटस’. तिथल्या लांबलचक कोडची शेपटी तेवढी ध्यानात ठेवली तरी काम भागतं. ६ए म्हणजे पासवर्ड खरोखर चुकला. ६४ म्हणजे या नावाचं खातंच नाही. ७१ म्हणजे मुदत संपली, २२४ म्हणजे पहिल्या लॉगिनला बदलणं सक्तीचं आहे. ७२ म्हणजे खातं बंद करून ठेवलंय. २३४ म्हणजे कुलूप लागलंय. १५बी म्हणजे पासवर्ड बरोबर आहे, पण या माणसाला अशा मार्गाने यायची परवानगी नाही; अशा वेळी बहुतेकदा ‘रिमोट डेस्कटॉप युजर्स’ गटात नाव घालायचं राहिलेलं असतं. काही संगणकांवर फसलेल्या प्रयत्नांची नोंद स्थानिक सुरक्षा धोरणात जाऊन चालू करावी लागते. इथे ती चालू होती.

ताईंच्या लॅपटॉपवरून आलेल्या नोंदी सहज ओळखू आल्या: पहिली ७१, मग ६ए ची रांग (जुने पासवर्ड टाकून पाहिले ते), मग २३४. सकाळचा सगळा घटनाक्रम त्यात वाचता येत होता.

पण या नोंदी शोधायला खूप खाली जावं लागलं, कारण त्यांच्या वर-खाली-मधे दुसऱ्याच नोंदींचा पूर होता. अनोळखी, परदेशी पत्त्यांवरून, मिनिटामिनिटाला. नावं ‘ॲडमिनिस्ट्रेटर’, ‘ॲडमिन’, ‘टेस्ट’, ‘युजर’, आणि अधूनमधून ‘अकाउंट्स’. पहिल्या नावांपुढे बहुतेक ६४. ‘अकाउंट्स’पुढे ६ए, कारण ते खातं खरंच होतं.

३३८९ पोर्ट इंटरनेटवर उघडं असलेले संगणक शोधत फिरणारे प्रोग्राम दिवसरात्र चालू असतात. ते लातूर आहे की लंडन हे बघत नाहीत. सर्रास वापरली जाणारी नावं आणि सोपे पासवर्ड टाकत राहतात. नव्या संगणकाचा कुलपाचा नियम त्यांना अडवत होता, आणि त्याच नियमाने ताईही अडत होत्या.

समोरचे पर्याय

दुपार उलटून गेली होती. मालकांचा शेतातून फोन: “आधी तीनबीचं बघा, बाकी उद्या.” त्यांची काळजी रास्त होती. त्यामुळे प्रत्येक पर्याय मी धाकट्या मालकांना समजावून सांगितला आणि मगच हात लावला.

पहिला, आणि बहुतेक जण करतात तो: ॲडमिन खात्यातून ताईंच्या खात्याला सरळ नवा पासवर्ड देणं. दोन मिनिटांचं काम. पण स्थानिक खात्याचा पासवर्ड असा बाहेरून लादला की त्या खात्यात जुन्या पासवर्डच्या आधाराने कुलूपबंद केलेल्या गोष्टी उघडत नाहीत: ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, विंडोजच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमधल्या (विंडोज पासवर्ड जपून ठेवतं त्या जागेतल्या) नोंदी, खात्यात ठेवलेली प्रमाणपत्रं. ताईंनी जीएसटी पोर्टल, ई-वे बिल, आडत्यांचे ईमेल, सगळं त्याच ब्राउझरमध्ये साठवलं होतं. शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी ते गमावणं म्हणजे एक अडचण सोडवून चार ओढवून घेणं. विंडोज तसा इशारा देतं, पण घाईत कोण वाचतो. स्वतः जुना पासवर्ड टाकून नवा ठेवला तर यातलं काहीच होत नाही.

दुसरा: नेटवर्क लेव्हल ऑथेंटिकेशन बंद करणं. मग ताईंना दूरूनच पासवर्ड बदलायचा पडदा दिसला असता. हा उपाय चटकन कुणीही सुचवतं आणि तो चालतोही. पण पोर्ट जगाला उघडं असताना हे करणं मला अजिबात मान्य नाही. मे २०१९ मध्ये ‘ब्लूकीप’ नावाचं भगदाड उघडकीला आलं. जुन्या विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपमध्ये पासवर्डशिवाय शिरता येईल असं ते होतं, आणि तेव्हा दुरुस्ती बसेपर्यंत तात्पुरता अडसर म्हणून मायक्रोसॉफ्टने हीच व्यवस्था चालू ठेवायला सांगितलं होतं. तीच आपल्या हाताने काढायची?

तिसरा: कुलपाचा नियम काढून टाकणं. धाकटे मालक म्हणाले, “त्या दहा वेळेच्या नियमामुळंच व्हालंय ना सगळं, मग तोच काढू.” ताईंची अडचण त्याने खरंच कमी झाली असती, पण बाहेरच्या प्रोग्रामांना अमर्याद प्रयत्न मोकळे झाले असते.

चौथा: ताईंनी लातूरला येऊन समोर बसणं. सव्वा-दीड तासाची वाट, सणाचा दिवस, घरी पाहुणे. शेवटचा उपाय म्हणून हा हातात ठेवला.

पाचवा, जो केला: खात्यावर ‘पासवर्ड नेव्हर एक्सपायर्स’ची खूण करणं. मुदत संपली म्हणून विंडोज जुना पासवर्ड पुसत नाही, तो शेवटचा कधी बदलला त्या तारखेवरून फक्त दिवस मोजतं. मुदतच काढली की तोच पासवर्ड लगेच पुन्हा चालू लागतो. साठवलेलं काही जात नाही, कुणाला पासवर्ड सांगावा लागत नाही. ताई स्वतः आत आल्या की स्वतःच नवा ठेवतील. (खात्यावर ‘पुढच्या लॉगिनला बदला’ अशी सक्ती असती तर हा मार्ग चालला नसता. तशी ती नव्हती.)

राहिला क्रमाचा प्रश्न, आणि माझ्या मते या प्रकरणातला खरा निर्णय तोच होता. राउटरचं पोर्ट आधी बंद करायचं की आधी तीनबी? पोर्ट बंद केलं की ताईंचा चालू रस्ताही बंद. व्हीपीएन (नेटवरून जाणारा, ठरावीक संगणकांपुरता खासगी सुरक्षित रस्ता) बसेपर्यंत त्या आत येऊ शकणार नाहीत, आणि ते संध्याकाळपर्यंत बसेलच याची खात्री मला देता येत नव्हती.

मी मालकांना फोनवर आकडे मांडून सांगितलं. तीनबी एक दिवस उशिरा गेलं तर दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क आणि थकलेल्या करावर वर्षाला १८ टक्क्यांच्या हिशोबाने त्या दिवसाचं व्याज. उघड्या पोर्टमधून कुणी शिरलं आणि सगळ्या हिशोबाला खंडणीचं कुलूप घातलं, तर तुरीचा हंगाम तोंडावर असताना कुणाचे किती देणे आणि कुणाकडून किती येणे हेच कळणार नाही. मालक क्षणभर गप्प राहिले, मग म्हणाले, “बंद करा.”

काय केलं

राउटरमधला ३३८९ चा नियम काढला. काही मिनिटांत ४६२५ च्या नव्या नोंदी थांबल्या. ताईंनी काही न करता खातं कुलूपबंद होत होतं ते बाहेरच्यांमुळेच, हे त्यावरून पक्कं झालं.

मग कुणी खरंच आत शिरलं होतं का, ते पाहिलं. ४६२४ म्हणजे यशस्वी लॉगिन. त्यात दूरून आलेले सगळे पत्ते तपासले. ताईंच्या घरच्या जोडणीखेरीज कुणी नव्हतं. खात्यांची यादी, ॲडमिन गट, ठरावीक वेळी चालणारी कामं, नवे बसवलेले प्रोग्राम पाहिले, विंडोजच्या डिफेंडर या अँटीव्हायरसची पूर्ण तपासणी लावली, आणि ती चालू असतानाच हिशोबाच्या डेटाची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घेऊन डिस्क काढून कपाटात ठेवली. एक मर्यादा इथे नोंदवतो: सिक्युरिटी नोंदीचा मूळ आकार २० एमबी असतो आणि भरली की जुन्यावर नवं लिहिलं जातं. बाहेरच्या प्रयत्नांच्या पुरामुळे नोंद फार मागे जातच नव्हती. त्याआधीच्या दिवसांबद्दल ती गप्प आहे. तिचा आकार लगेच वाढवला.

अनधिकृत प्रवेश सापडला असता तर पुढचा रस्ता वेगळा होता. संगणकाचं नेट काढायचं, सायबर गुन्ह्यांच्या १९३० या हेल्पलाइनवर कळवायचं, आणि सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे ६ तासांत त्यांना माहिती द्यायची. लहान व्यावसायिकांना हे निर्देश आपल्यालाही लागू आहेत हे बहुधा माहीतच नसतं.

त्यानंतर व्हीपीएन. वायरगार्ड तंत्रावर चालणारी, राउटरमध्ये कुठलंही पोर्ट उघडावं न लागणारी सेवा निवडली. एका ठरावीक पत्त्यालाच आत सोडायचा सोपा मार्ग इथे चालत नव्हता, कारण ताईंच्या घरच्या ब्रॉडबँडचा पत्ता बदलता. मिलच्या संगणकावर आणि ताईंच्या लॅपटॉपवर ती बसवली, प्रवेशाला मोबाईलवरची दुसरी खात्री लावली. ताईंनी त्यांच्या बाजूचं सगळं फोनवर ऐकून स्वतः केलं, आणि फार नीट केलं.

शेवटी खातं. कुलूप काढलं, मुदत काढली. ताईंनी व्हीपीएनमार्गे जोडलं आणि पुन्हा नकार!

या वेळी नोंदीत ६ए, म्हणजे खरोखरच चुकीचा पासवर्ड. आणि ताई तर चौकट न येताच नकार येतोय म्हणत होत्या. सकाळी ‘रिमेंबर मी’वर खूण करून टाकलेला चुकीचा पासवर्ड लॅपटॉपने जपून ठेवला होता. संगणकाचं नाव तेच असल्यामुळे न विचारता तोच पाठवला जात होता. क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये ‘टर्मएसआरव्ही’ने सुरू होणारी नोंद शोधून काढून टाकायला सांगितली. सोबत नाव टाकताना आधी मिलच्या संगणकाचं नाव, मग उलटी तिरकी रेघ, मग ‘अकाउंट्स’ असं पूर्ण लिहायला सांगितलं, म्हणजे लॅपटॉप स्वतःच्याच खात्यांत ते नाव शोधत बसत नाही.

पडदा उघडला. ताईंनी कंट्रोल-ऑल्ट-एंड दाबलं (रिमोटमध्ये डिलीटऐवजी एंड, कारण कंट्रोल-ऑल्ट-डिलीट हातातला लॅपटॉपच पकडतो), ‘चेंज अ पासवर्ड’ निवडून नवा, लांब पासवर्ड ठेवला. जुना पुरवठादाराच्या माणसाला माहीत होता आणि व्हॉट्सॲपवर पडून होता, म्हणून तो बदलणं मुदतीचा प्रश्न नसता तरी गरजेचंच होतं.

निष्पत्ती

ताळमेळ त्याच रात्री झाला, तीनबी २० तारखेला वेळेत गेलं. ब्राउझरमधले पासवर्ड शाबूत राहिले. मधेच दहा-पंधरा मिनिटं आत न घेण्याचा प्रकार त्यानंतर झालेला नाही.

पासवर्डची मुदत पुन्हा लावायची का, यावर धाकट्या मालकांशी बोलणं झालं. त्यांना वाटत होतं की मुदत असणं सुरक्षित. माझं मत वेगळं आहे. ठरावीक दिवसांनी बदलायला लावलं की माणसं त्याच पासवर्डच्या शेवटी एक-दोन-तीन लावत जातात. मायक्रोसॉफ्टनेही २०१९ मध्ये आपल्या शिफारशींतून ही सक्ती काढली. लांब पासवर्ड, व्हीपीएन आणि दुसरी खात्री असताना मुदत नको, संशय आला तर लगेच बदल, असं ठरलं.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात मोठी संधी नोव्हेंबरमध्येच होती. ‘मधेच घेत नाही, मग आपोआप घेतंय’ हे लक्षण नेटचं नव्हतं. नेट गेलं तर जोडणीच होत नाही, पासवर्डपर्यंत गाडी जातच नाही. पासवर्डवर नकार येऊन थोड्या वेळाने तोच पासवर्ड चालतो, तेव्हा बहुतेकदा कुलूप लागून सुटलेलं असतं. ताईंनी ते कुणाला सांगितलं असतं तर पोर्ट महिनाभर आधी बंद झालं असतं. पण सांगायचं कुणाला, हेच मिलमध्ये ठरलेलं नव्हतं. आता ठरलं आहे.

नवा संगणक ताब्यात घेताना कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘नेट युजर’ आणि पुढे खात्याचं नाव टाकून ‘पासवर्ड एक्सपायर्स’ ही एक ओळ वाचली असती, तर १९ डिसेंबर ही तारीख तिथेच दिसली असती. देणाऱ्याने ती दाखवायला हवी होती, घेणाऱ्याने मागायला हवी होती. राउटरमधले पोर्टचे नियम त्याच वेळी डोळ्यांखालून घालायला हवे होते. ‘३३८९ ऐवजी दुसरा आकडा ठेवू’ हा उपाय मला नंतर दोघातिघांनी सुचवला. त्याने वर्दळ कमी होते, धोका टळत नाही. शोधणारे प्रोग्राम सगळेच आकडे चाचपतात.

माझ्या बाजूच्या क्रमाबद्दलही एक विचार आहे. फोनवर ‘मुदत संपली’ हे कारण मिळाल्यावर तिथेच थांबून, धाकट्या मालकांना शेतातून बोलावून फक्त खूण करून घेता आली असती. ताईंचं काम दोन तास आधी सुरू झालं असतं, आणि कुलपाचं कोडं तसंच राहिलं असतं. पुन्हा तीच वेळ आली तर मी आणखी एका फोटोसाठी थांबेनच, पण किल्ली घेऊन यायचा निरोप मात्र पहिला फोटो येताच पाठवीन.

धाकट्या मालकांचं ॲडमिन खातं अजून रोजच्या वापरात आहे, ते वेगळं करायचं काम बाकी आहे. मिलच्या एका गोदामातही त्याच काळात बसवलेला तसाच राउटर आहे आणि त्यामागे सीसीटीव्हीचा संगणक. पुढच्या फेरीत त्याचे पोर्टचे नियम तपासायचे आहेत.